मुरलेला चिखल

६ मे १९७८

पोचले एकदाची स्लानोवोला! गाब्रोवोहून निघाले तेव्हा अंगात जाड स्वेटर होता आणि इथे बसमधून उतरले तर लख्ख ऊन, समोर काळा समुद्र (नावाचा काळा, आहे निळाच) आणि थांब्यावर माझ्या नावाची पाटी धरून उभा असलेला ड्रायव्हर. "कॉम्रेड रुमेना काराजोवा, आरोग्य निरीक्षक." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी अशी वाट पाहत उभं होतं. पाटी मागून ठेवून घ्यावी असं फार वाटलं, पण शोभलं नसतं.

खोली छान आहे. एका खिडकीतून समुद्र, दुसरीतून खारं तळं. खळ घातलेल्या कडक चादरी. मोरीत शेवाळ नाही, झुरळ नाही. मी वाकून, बॅटरी मारून बघितलं. हा माझा स्वभावच. आई म्हणते की ही मुलगी साबणसुद्धा धुऊन घेते.

कामही सोपं आहे. हे सरकारी चिखल-उपचार केंद्र. संधिवाताचे लोक युनियनच्या चिठ्ठीवर येतात, तळ्यातल्या काळ्या चिखलात पडून राहतात आणि बरे होऊन जातात. इतके बरे होतात की आता आरोग्य खात्यानं हाच चिखल पिंपांत भरून देशभरच्या दवाखान्यांना द्यायचं ठरवलंय. त्याआधी मी पाणी, स्वयंपाकघर, चिखल सगळं तपासायचं आणि निर्धोक असल्याचं लिहून द्यायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बाटल्या धुतल्या. आता माझ्या शब्दाशिवाय इथून एक बादलीही हलणार नाही.

जेवायला घेवड्याचं सूप आणि मेंढीच्या दुधाचं दही. बायकांनी गाब्रोवोचं नाव ऐकलं आणि आमच्या कंजूषपणाचे विनोद सुरूच झाले. तुमच्याकडे दार लवकर लागावं म्हणून मांजराची शेपूट कापतात ना, उबेचा एवढा हिशेब करणारे तुम्ही, मग ताटात सूप का ठेवलंस म्हणून हसल्या. मीही हसले. शेजारची एक मात्र माझे हात बघून जरा सरकून बसली. त्याची मला सवय आहे. जंतुनाशकांत काढलेल्या वर्षांनी दोन्ही हातांना इसब दिलंय. बोटांच्या बेचक्यांतून लस येते. मी हातमोजे घालून जेवले.

८ मे

आज चिखलघर पाहिलं. मुख्य डॉक्टर काम्बुरोव स्वतः फिरवायला आले. गोलमटोल, हसरा, कोलोनचा वास मारणारा माणूस. बोलता बोलता दर वाक्याला स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतात; दहा वर्षांपूर्वी ही पाठ लाकूड झाली होती, आता बघा म्हणतात.

लांबच लांब दालन, पांढऱ्या फरशा. रुळांवरून सरकणारे टब. चिखल वाफेच्या नळीनं कोमट करतात, पेशंट त्यात गळ्यापर्यंत झोपतो. झालं की त्याला धुऊन बाहेर काढायचं, टब ढकलत मागच्या दारापर्यंत न्यायचा आणि वाकडा करून सगळा चिखल बाहेरच्या हौदात ओतायचा. तिथे तो खाऱ्या पाण्याखाली मुरतो. मुरला की पुन्हा आत. म्हणजे तोच चिखल परत परत. पुस्तकातही तसंच लिहिलंय, मुरलेला चिखल स्वतःला साफ करतो म्हणून.

सीका मावशी इथली सगळ्यात जुनी बाई. साठीची, आवाज फाटका, तोंड त्याहून फाटकं. डॉक्टरांसमोरच म्हणाली की ह्यांचं पुस्तक काल आलं, हा चिखल माझ्या सासूच्या सासूपासून मुरतोय, लोणच्यासारखा. नवा चिखल म्हणे काही कामाचा नाही, त्याला माणसाची चवच नसते. सगळे हसले. तिचे हात मात्र बघत राहावेत असे. इतकी वर्षं खाऱ्या चिखलात घालून मऊ, गुलाबी, वीस वर्षांच्या मुलीचे असावेत तसे.

वास नासक्या अंड्यांचा. त्याखाली अजून एक, कोमट, ओळखीचा. बराच वेळ आठवेना. लहान बाळाच्या मानेच्या वळीत साचलेल्या दुधाचा असतो तसा.

११ मे

पेर्निकहून खाणकामगारांची बस आली. त्यांच्यात पर्वान म्हणून एक आहे, काठ्यांवर लटकत चालतो, गुडघे नारळाएवढे सुजलेले. पण जीभ धडधाकट. म्हणाला की आयुष्यभर जमिनीखाली गेलो त्याचा पगार मिळाला, आता युनियन मला फुकटात पुरते आहे. मुलीचं घर बांधायला काढलंय त्यानं. विटा वर चढवायला माणूस नाही, तेव्हा इन्स्पेक्टरबाई, तुमच्या चिखलाला सांगा की गुडघे ऑगस्टच्या आत हवेत. मी म्हटलं, चिखलाला मी फक्त तपासते, हुकूम सीका मावशी देते. तर तिला हाताला धरून म्हणाला की मग हिच्याशी लग्नच करून टाकतो. मावशीनं ओल्या फडक्यानं त्याच्या टकलावर एक दिली.

पोटावर आडवा मोठा व्रण आहे त्याच्या, खाणीतल्या अपघाताचा. मोठ्या अभिमानानं दाखवतो.

१४ मे

चिखलाचे नमुने लावले होते. काहीच उगवलं नाही. एकही जंतू नाही, बुरशी नाही. असं होत नाही. इथल्या नळाच्या पाण्यातही काही ना काही वाढलं. आणि ज्यात शेकडो घामट, खरजुले, पाय कुजलेले लोक लोळून गेले त्यात काहीच नाही!

मग चाळून पाहिला. शी. लिहितानाही अंगावर शहारे येतात. केस निघाले, ते अपेक्षित होतं. नखं निघाली, अख्खी, मुळासकट. भोवऱ्या. चामखिळी, देठासह, मनुकांसारख्या. एक दात. आणि काही सुटं सुटं, पांढरं, लिबलिबीत. चाळणीच्या जाळीला चिकटून बसलं, खरवडलं तर ताणलं गेलं, तुटेना. सगळं स्वच्छ होतं, नखात मळसुद्धा नाही. त्याचीच जास्त किळस आली.

सीका मावशीला विचारलं. ती म्हणाली की माणसं घालतो तर माणसांचंच निघणार ना पोरी, काय जर्दाळू निघणार? आणि माझ्या हातातली चाळणी घेऊन तिनं ते सगळं परत टबात झटकलं. वाया घालवायचं नसतं म्हणे.

रात्रीचं जेवण टाकलं.

१७ मे

टबाच्या तळाचा नमुना घेत होते. हातमोजा फाटला. उजवा हात मनगटापर्यंत आत गेला.

चिखल गार असायला हवा होता, वाफ बंद होती. आत मात्र ऊब होती, तोंडाच्या आतल्यासारखी. मऊ, ओली, आणि बोटांभोवती आवळत गेलेली. मी हात ओढला तेव्हा त्यानं सोडण्याआधी एकदा चोखलं. खोटं लिहीत नाही. वासरू बोट चोखतं तसं.

मोरीत जाऊन ओकले. हात घासला, लायसॉलनं, मग स्पिरिटनं, मग परत साबणानं. कातडी जळत होती तरी घासत राहिले. वास जातच नाही.

१८ मे

उजवा हात बरा झाला.

एका रात्रीत. लस नाही, भेग नाही. बेचक्या कोरड्या, गुळगुळीत. मूठ वळली तर दुखलं नाही, आणि मी खिडकीशी उभी राहून नुसती मूठ वळत राहिले, उघडत राहिले, वेड्यासारखी. आज हातमोज्याशिवाय जेवले. पावाचा तुकडा बोटांनी मोडला. कोण जाणे किती वर्षांनी. त्या शेजारच्या बाईनं मुद्दाम मिठाची वाटी माझ्या हातात दिली.

चिखलाची किळस येते. आणि डाव्या हाताकडे बघितलं की त्याची त्याहून येते.

२० मे

डावा हात मी आपणहून घातला. सगळे बाहेर होते. डोळे मिटून, श्वास रोखून, खांद्यापर्यंत अंग ताठ करून. तोच ओला, कोमट, आवळणारा स्पर्श. मी ओकारी दाबून उभी राहिले आणि हात काढला नाही. पुरेसं झालं असं मला वाटलं त्यानंतरही काढला नाही.

आता दोन्ही हात सारखे दिसतात. सीका मावशीच्या हातांसारखे. तिनं दुपारी ते आपल्या हातात घेऊन थोपटले. म्हणाली, आता तू आमची.

२२ मे

मागचा हौद आज नीट पाहिला. वरचं खारं पाणी काढलं होतं, पिंपं भरायची तयारी चालली आहे.

चिखलावर साय आहे. तापवून ठेवलेल्या दुधावर धरते तशी, पण करडी-गुलाबी आणि जाड. खाली वाकून पाहिलं तर तिला रंध्रं. बारीक लव. काठाशी एका जागी तीळ, त्यावर एक राठ केस. समुद्राकडून वारा सुटला, गार होता, मला हुडहुडी भरली. आणि त्या सायीवर, हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काटा आला.

मी बॅगेतला चाकू काढला आणि नमुना घ्यावा म्हणून काठाला एक छेद दिला. फिकट गुलाबी पाणी आलं. त्याच क्षणी माझ्या दोन्ही मनगटांत कळ गेली. दोरीवर चादरी टाकत असलेली सीका मावशी कोपर धरून खाली बसली. आतल्या जेवणघरात ताटं पडल्याचा आवाज झाला.

मावशी माझ्याकडे चालत आली. रागावली नाही. झोपलेल्या पोराला चिमटा काढू नये, एवढंच म्हणाली.

नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ती कातडी आहे. माणसाची, जिवंत. म्हणूनच यात जंतू वाढत नाहीत. निरोगी रक्तात तरी कुठे वाढतात? रक्ताचा गट तपासला तर चारही गट निघाले, एकाच थेंबात.

रात्री दही आलं, वर सायीचा थर. वाटी तशीच परत पाठवली.

२५ मे

काल युनियनचा नाच होता. पर्वाननं काठ्या भिंतीला टेकवल्या आणि गोलात शिरला. हात धरून धरून सगळे होरो नाचत होते आणि हा सगळ्यांच्या पुढे, रुमाल फिरवत, गुडघे उचलून. त्याचे सोबती रडले. मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी तो बाकावर बसला होता. मी घराचं विचारलं, विटा कधी चढवणार म्हणून. तो माझ्याकडे हसून बघत राहिला आणि म्हणाला की दुखत नाही, इन्स्पेक्टरबाई, कुठ्ठेच दुखत नाही. सदरा वर केला. पोटावरचा व्रण गेलाय. सगळंच गेलंय, सुरकुत्या, तीळ, छातीवरचे केस. बेंबीसुद्धा उथळ झालीय, बशीसारखी. त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा दिसतो. त्यानं माझा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. वाटी हाताला लागली नाही. मऊ होतं, आणि माझं बोट त्यात जरा रुतलं.

मी त्याला आजचा टब घेऊ नको म्हटलं. हात जोडले. तो लहान मुलासारखा रुसला.

२७ मे

डॉक्टर काम्बुरोवांकडे गेले. सरळ सांगितलं की चिखलघर आजपासून बंद, मी खात्याला कळवते आहे. हौदात जे आहे ते माणसांचं आहे, माणसं खाऊन वाढलंय.

त्यांनी कॉफी मागवली. म्हणाले की खाऊन कशाला, लोक नको असलेलंच देतात ना, भोवऱ्या देतात, दुखणी देतात. कधी कुणी जरा जास्त देतो. इतक्या हजारांत तेवढं चालायचंच, लसीकरणातही चालतं. मग सदरा काढून पाठ दाखवली. बाळाची पाठ! मणक्यांची ओळ दिसेना, नुसता गुळगुळीत, घामेजलेला मांसाचा उतार. मी नजर फिरवली.

मी सहीच करणार नाही म्हटलं. तर म्हणाले, सहीवाचून अडत नाही, खात्यातले तुमचे साहेब गेल्याच वर्षी दुखरी कंबर घेऊन आले होते. ट्रक येतोच आहे. आणि रागानं नाही, अगदी काळजीनं म्हणाले की एकदा तुमच्या हातांना विचारून बघा, कॉम्रेड.

पोस्टात गेले. तारेच्या खिडकीत बसणारी मुलगी फॉर्म घ्यायला हात पुढे करून थांबली. गुलाबी, मऊ हात. मी काही न लिहिता परत आले.

२९ मे

पर्वान टबातून निघेना.

मी पोचले तेव्हा दोन माणसं त्याला काखेत धरून उचलत होती. कमरेपर्यंत वर आला. त्याच्या खाली चिखलही वर आला, भिजवलेल्या कणकेसारखा ताणत. पोट कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो, ती रेघच नव्हती. कातडी करडी होत होत गेलेली, नुसतं तेवढंच. ते ओढत होते आणि दोरे सुटत होते, जाड, ओले, आणि तो हसत होता, गुदगुल्या होतात म्हणून. सिगारेट मागितली त्यानं. ओठांत धरता येईना, ओठ मिटत नव्हते.

मी त्याचा हात धरला. मुलीच्या घराचं बोल म्हटलं, विटांचं बोल, पर्वान. तो म्हणाला —

दुखत नाही.

त्याच्या बोटांना नखं नव्हती. माझ्या तळव्याला ती चिकटायला लागली. मी हात सोडवला, तर चपकन आवाज झाला. 

सीका मावशी चिखलावरून हात फिरवत होती, दमला गं, राहू दे आता म्हणत होती. मग त्यांनी टब ढकलला. रुळांवरून. मागच्या दाराशी वाकडा केला.

त्याच्या सोबत्यांना सांगितलं की त्याला डोंगरातल्या दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. त्यांनी मान डोलावली आणि आपापल्या टबांत जाऊन झोपले.

३० मे

हौद काठोकाठ आहे.

साय आज वर-खाली होते. सावकाश. एका लयीत.

भांडारात ब्लीचिंग पावडरची पोती आहेत. विहिरींसाठी खात्यानंच पाठवलेली. चावी माझ्याकडे.

पण छेद दिला तेव्हा कळ मनगटात आली होती. बारीकसा छेद. पावडर टाकली तर — माझे हात तर जातीलच. मावशीचे. त्या खाणकामगारांचे पाय. इथून आजवर बरे होऊन गेलेले किती, गावोगावी, कुणी ट्रॅक्टरवर असेल, कुणी पोराला कडेवर घेऊन जिन्यात.

आणि न टाकली तर पिंपं जातील.

गाब्रोवोलाही जातील. आईचे गुडघे दुखतात.

१ जून, सकाळ

ट्रक आला. पिंपं अंगणात मांडलीत. फावड्यानं भरताहेत. फावडं आत जातं तेव्हा मनगटं ठणकतात — बाकीच्यांना काहीच कसं नाही? की होतं आणि आवडतं?

ड्रायव्हर जेवायला गेला. सगळेच जेवायला गेलेत.

पोती ओढून नेते.

१ जून

लिहिते. पेन्सिल दोन मनगटांत धरून. अक्षर लागलं नाही तर —

ओतली. आधी अंगणातल्या पिंपांत, मग हौदात. चार पोती. वरून पाणी.

साय आक्रसली. फुटली. खालून फेस, पिवळा, आणि वास — जळक्या केसांचा, ओल्या हाडांचा. त्यातून तोंडं उघडली. तोंडं नव्हेत, भोकं. पण ओरडायला पुरेशी. आवाज हौदातून आला आणि जेवणघरातूनही, एकच आवाज. काम्बुरोव खिडकीतून दिसले. पाठीला हात पुरवायचा प्रयत्न करत गोल गोल फिरत होते.

एक करडा हात काठावर आला. नखं नसलेला. मी पर्वान म्हटलं. माफ कर म्हटलं. अजून पाणी ओतलं.

मग हौद निपचित झाला. नुसता चिखल. काळा, गार, मेलेला. मी पाहिलं नीट. नीट पाहिलं. साफ आहे.

—

भांडारात आहे. आतून कडी. माझे हात — बघत नाही. हातमोजा काढावा तसं मनगटापासून सुटतंय. खाली ओलं, लाल. फडक्यात गुंडाळले. फडकं चिकटलं. स्वतःचाच वास येतो. बाळाच्या मानेचा.

एवढं दुखू शकतं हे माहीत नव्हतं.

—

मावशी दाराबाहेर आहे. रडत नाही. तिचेही गेले असणार. गोड बोलते. म्हणते की एक पिंप राहिलं, पोरी. बोळात होतं, तुला दिसलंच नाही. झाकण काढलंय. मी हात घातले आतमध्ये, बघ, दुखायचं थांबलं माझं. लगेच थांबलं.

फटीतून ऊब येते.

नाही.

अर्धं पोतं उरलंय माझ्याजवळ. पुरेल. दार उघडायचं, तिला बाजूला सारायचं, पोतं उपडं करायचं. बस. मग कुठेच काही उरणार नाही. खात्यानं मला एवढ्यासाठीच —

पोतं उचलत नाही. धरवत नाही. बोटं घसरतात. कातडी नाही तर पकड कुठली.

मावशी म्हणते, नुसती टोकं बुडव. पकड येईल. मग हवं ते कर.

खरं आहे ते. पकड आली तर पोतं उचलता येईल. पोतं उचलायचं म्हणूनच. ओतायचं म्हणून. फक्त टोकं, तेही एकाच हाताची. लगेच काढेन. मागच्या वेळी काढला नव्हता, पण या वेळी —

कडी काढली.

किती ऊब आहे ही. शी. किती —